कचरा जाळल्यावर उरणारी विषारी राख आणि सिमेंट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कचऱ्यापासून वीज करणाऱ्या प्रकल्पांतले अभियंते, महापालिकांचे घनकचरा विभाग, प्रयोगशाळांतले विद्यार्थी आणि प्रकल्पाशेजारी राहणारे लोक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे विषय दुसऱ्या प्रश्नात आला आहे तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. कचरा जाळल्यावर राख एकच असते ना? मग "विषारी राख" म्हणजे नेमकी कोणती?

राख दोन जागी निघते आणि दोन्हींचा स्वभाव वेगळा असतो. भट्टीच्या जाळीखाली पडते ती तळराख. एक टन कचऱ्यामागे ती साधारण २०० ते ३०० किलो निघते आणि तिच्यात काच, खडे, लोखंडाचे तुकडे असतात. धुराबरोबर वर जाऊन बॉयलरच्या नळ्यांवर आणि बॅग फिल्टरमध्ये अडकते ती उडती राख, म्हणजे फ्लाय ॲश. ती टनामागे २० ते ५० किलोच असते, पण भट्टीच्या उष्णतेत वाफ झालेले शिसे, जस्त, कॅडमियम आणि पारा थंड होताना याच बारीक कणांवर बसतात. धुरातले आम्ल मारायला फवारलेला चुना, त्यातून तयार झालेले कॅल्शियम क्लोराइड, डायऑक्सिन (जळताना तयार होणारी विषारी सेंद्रिय संयुगे) शोषलेला सक्रिय कोळसा हे सगळेही फिल्टरखालच्या त्याच हॉपरमध्ये, म्हणजे राख साठवणाऱ्या नरसाळ्यात, उतरते. या पानावर नुसते "राख" म्हटले असेल तिथे ही उडती राख समजावी. तळराखेबद्दल प्रश्न १२ पाहा.

२. कोराडी, परळी, एकलहरे इथल्या फ्लाय ॲशच्या विटा सर्रास होतात. मग कचऱ्याच्या फ्लाय ॲशच्या का नाही?

नाव सारखे आहे, माल सारखा नाही. कोळशाची राख मुख्यतः सिलिका आणि ॲल्युमिनाची असते आणि चुन्याबरोबर स्वतः घट्ट होते. सिमेंट-काँक्रीटसाठीच्या आयएस ३८१२ या मानकात तिच्यातल्या क्लोराइडची मर्यादा ०.०५ टक्के आहे. कचऱ्याच्या राखेत क्लोराइड १० ते २५ टक्के सहज सापडते. आयएस ४५६ प्रमाणे लोखंडी सळई असलेल्या काँक्रीटमध्ये घनमीटरला जास्तीत जास्त ०.६ किलो क्लोराइड चालते. १५ टक्के क्लोराइडची राख घनमीटरला फक्त ५० किलो घातली तरी ७.५ किलो क्लोराइड आत गेले, म्हणजे मर्यादेच्या बारा पटींहून जास्त. सळई नसलेल्या साध्या काँक्रीटची ३ किलोची मर्यादाही ओलांडली जाते. जड धातूंचा विचार तर यानंतरचा.

३. सिमेंट घातल्यावर विष नाहीसं होतं का?

नाही. शिशाचा एक अणूही कमी होत नाही. सिमेंट पाण्याशी संयोग पावते तेव्हा कॅल्शियम सिलिकेट हायड्रेटचा जेल तयार होतो. काही धातू या जेलमध्ये आणि एट्रिंगाइटसारख्या स्फटिकांत बसतात, काही अल्कलीमुळे हायड्रॉक्साइड होऊन न विरघळणाऱ्या रूपात खाली बसतात, आणि उरलेल्याभोवती घट्ट, कमी छिद्रांचा ठोकळा तयार झाल्याने पाणी आत पोचायला वेळ लागतो. पहिल्या दोन गोष्टी म्हणजे स्थिरीकरण, तिसरी म्हणजे घनीकरण. ठोकळा दगडासारखा टणक झाला म्हणजे काम झाले, हा या क्षेत्रातला सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे. टणक ठोकळ्यातूनही शिसे भरपूर सुटू शकते. कसे, ते प्रश्न ७ मध्ये आहे.

सिमेंट जे धरूच शकत नाही ते म्हणजे मीठ. सोडियम आणि पोटॅशियमची क्लोराइडे पाण्यात विरघळणारच. फ्रीडेल सॉल्ट नावाच्या स्फटिकाच्या रूपात थोडे क्लोराइड अडकते, बाकीचे आज ना उद्या बाहेर येते.

४. कायद्याने ही राख कुठे पाठवावी लागते?

घनकचरा व्यवस्थापन नियमांत भट्टीच्या राखेबद्दल अट आहे: विषारी धातू घातक कचऱ्याच्या मर्यादेपेक्षा जास्त असतील तर ती घातक कचऱ्याच्या प्रक्रिया, साठवण आणि विल्हेवाट केंद्रात, म्हणजे टीएसडीएफमध्ये, पाठवायची. मर्यादा २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत. टीसीएलपी चाचणीत (माल आम्लात घोळवून किती धातू सुटतो ते पाहतात, प्रश्न १४) शिसे लिटरला ५ मिलिग्रॅम, कॅडमियम १, पारा ०.२. महाराष्ट्रात अशी केंद्रे तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे आहेत.

राख स्वतःच्या आवारात ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. नेताना फॉर्म १० चे मॅनिफेस्ट, म्हणजे मालाबरोबर जाणारा वाहतुकीचा कागद, लागते आणि वर्षाचा हिशेब फॉर्म ४ मध्ये ३० जूनपर्यंत राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्यावा लागतो. सिमेंटची प्रक्रिया बहुतेक वेळा टीएसडीएफमध्येच होते. स्वतःच्या आवारात करायची असेल तर ती मंडळाच्या संमतिपत्रात लिहिलेली असायला हवी.

५. प्रमाण सांगा. शंभर किलो राखेला सिमेंट किती, पाणी किती?

सुरुवातीचा अंदाज म्हणून: कोरडी राख १०० किलो, सिमेंट १५ ते ३०, पाणी ४० ते ५५ लिटर, आणि धातू बांधणारे रसायन १ ते ४ किलो (प्रश्न ९). हे प्रमाण थेट मिक्सरवर वापरू नका. राख दर पाळीला बदलते. पीव्हीसी जास्त आले, चुन्याचा डोस वाढवला, भट्टी नुकतीच पेटवली, यातल्या कशानेही हॉपरमधला माल वेगळा होतो.

आधी प्रयोगशाळेत एक-एक किलोचे नऊ नमुने करा: सिमेंट १०, २० आणि ३० टक्के, प्रत्येकासाठी पाणी तीन वेगवेगळे. पाणी बरोबर आहे की नाही याची साधी खूण अशी: हातमोजा घालून मूठभर मिश्रण दाबले तर गोळा टिकतो, पण मोज्यावर पाणी सुटत नाही. गोळा फुटला तर पाणी कमी आहे, मोजा चकाकला तर जास्त. जास्तीचे पाणी पुढे छिद्रे होऊन राहते आणि मीठ त्याच वाटेने बाहेर पडते.

६. प्रत्यक्ष कामाचा क्रम काय? सगळं एकदम मिक्सरमध्ये टाकलं तर चालेल?

चालणार नाही. क्रम चुकला तर त्याच मालातून वेगळाच निकाल येतो.

पहिले, नमुना. एकाच गोणीच्या तोंडावरची मूठ म्हणजे नमुना नव्हे. पाळीभर दर तासाला थोडी राख घेऊन ती एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवा, आणि हवे तेवढे उरेपर्यंत हेच करत राहा. ओलावा, पीएच, क्लोराइड, ज्वलनाने होणारी घट आणि एकूण धातू तपासा.

दुसरे, राख नुसत्या पाण्याने ओली करून उघड्या शेडमध्ये २४ ते ४८ तास ठेवा. मोकळा चुना इथेच विझतो, उष्णता निघून जाते, आणि ॲल्युमिनियमचा वायू बराचसा बाहेर पडतो (प्रश्न १०). जागा अडते म्हणून ही पायरी सगळ्यात आधी गाळली जाते.

तिसरे, रसायन पाण्यात विरघळवून टाका आणि पॅडल मिक्सर किंवा पग मिलमध्ये ५ ते १० मिनिटे फिरवा. धातूंची रसायनाशी गाठ सिमेंटच्या आधी पडली पाहिजे. सिमेंट आधी गेले तर पीएच चढतो, कणांवर थर बसतो आणि महागडे रसायन नुसतेच भोवती फिरत राहते.

चौथे, सिमेंट. आणखी ३ ते ५ मिनिटे. मिश्रणाचा रंग एकसारखा झाला, पांढऱ्या गाठी दिसेनाशा झाल्या की बाहेर काढा. मिक्सरच्या कोपऱ्यात चिकटलेला थर दर पाळीला खरवडा. पुढच्या बॅचमध्ये तोच न मिसळलेला गोळा होऊन येतो.

पाचवे, छताखाली ताडपत्री टाकून क्युरिंग, म्हणजे मिश्रण ओलसर ठेवून घट्ट होऊ देणे. ओलावा टिकायला हवा, पण वरून पाणी मारू नका, त्यातून मीठ आणि शिसे वाहून जाते. हलवण्याजोगे व्हायला ३ ते ७ दिवस लागतात. चाचणी ७ आणि २८ दिवसांनी अशी दोनदा करा. सात दिवसांचा निकाल पास आणि अठ्ठावीस दिवसांचा नापास असे होते, विशेषतः शिशाच्या बाबतीत. उलटही होते.

७. सिमेंट वाढवलं तर शिसं उलट जास्त सुटलं. प्रयोगशाळेची चूक असेल का?

बहुधा नाही. शिसे आणि जस्त दोन्ही बाजूंनी विरघळणारे धातू आहेत. आम्लात विरघळतात, तसेच तीव्र अल्कलीतही विरघळतात. त्यांची विद्राव्यता सगळ्यात कमी असते ती पीएच ९ ते १०.५ च्या आसपास. सिमेंटच्या छिद्रांतल्या पाण्याचा पीएच १२.५ च्या वर असतो, आणि चुन्याने भरलेली राख मुळातच १२ च्या पुढे असते. तिच्यावर आणखी सिमेंट म्हणजे शिशाला प्लंबाइट या विरघळणाऱ्या रूपात बाहेर पडायला आमंत्रण. कॅडमियमचे गणित वेगळे आहे: ते साधारण ९.५ च्या वर शांत राहते आणि पीएच ८ च्या खाली उतरला की सुटू लागते.

म्हणून चाचणीच्या अहवालात धातूंच्या आकड्याशेजारी चाचणी संपतानाचा पीएच लिहून घ्या. तो आकडा नसलेला अहवाल अर्धाच आहे. शिसे नापास आणि पीएच १२.३ असेल तर सिमेंट कमी करा, काही भागाऐवजी स्लॅग (लोखंडाच्या झोतभट्टीतली मळी) वापरा किंवा फॉस्फेट द्या.

८. सिमेंट कोणतं घ्यावं? ५३ ग्रेड की साधं?

ग्रेडचा इथे फारसा उपयोग नाही, कारण ताकद हा मुद्दाच नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अशा मालाला ५० पौंड प्रति चौरस इंच, म्हणजे सुमारे ०.३५ मेगापास्कल पुरेसे मानले आहे. घराच्या काँक्रीटच्या तुलनेत हे काहीच नाही. मिळत असेल तर पोर्टलँड स्लॅग सिमेंट घ्या (आयएस ४५५). त्याचा पीएच थोडा उतरता असतो, छिद्रे बारीक होतात, क्लोराइड जास्त अडकते, आणि स्लॅगमधल्या सल्फाइडमुळे विषारी सहा संयुजेचे क्रोमियम कमी घातक तीन संयुजेचे होते. तोटा एकच, ते सावकाश घट्ट होते, त्यामुळे थंडीत क्युरिंगची जागा जास्त दिवस अडते. गोदामात पडून गाठी झालेले जुने सिमेंट "राखेतच तर घालायचंय" म्हणून वापरू नका.

९. सिमेंटबरोबर कोणतं रसायन घालावं? सोडियम सल्फाइड स्वस्त पडतं.

स्वस्त आहे, आणि शिसे, कॅडमियम, पारा यांवर चांगले चालते. पण त्याच भागात आम्लाची टाकी किंवा आम्लाने धुण्याची व्यवस्था असेल तर ते ठेवूच नका. आम्लाशी गाठ पडली की हायड्रोजन सल्फाइड निघतो आणि तो जीव घेतो.

फॉस्फोरिक आम्ल किंवा विद्राव्य फॉस्फेट शिशासाठी उत्तम, कारण तयार होणारे क्लोरोपायरोमॉर्फाइट जवळजवळ अविद्राव्य असते आणि राखेतले क्लोराइड इथे कामालाच येते. मात्र फॉस्फेट सिमेंटचे घट्ट होणे लांबवते. डायथायोकार्बामेट वर्गातले चिलेट (धातूला चिमटीत धरणारे सेंद्रिय रसायन) जपान आणि चीनमध्ये खूप वापरतात. डोस कमी लागतो, भाव जास्त. आम्लात त्यांचे विघटन होऊन कार्बन डायसल्फाइड निघतो, त्यामुळे मिसळताना वायुवीजन हवे.

सहा संयुजेच्या क्रोमियमसाठी फेरस सल्फेट. अँटिमनी आणि क्रोमियम ऋणभारित रूपात असतात, म्हणून शिशाला रोखणारा ९-१० चा पीएच त्यांना मोकळे करू शकतो. एकाच रसायनाने सगळे धातू गप्प बसतील, असे विक्रेत्याने सांगितले तर आधी तुमच्याच राखेवरचा अहवाल मागा.

१०. मिश्रण पावासारखं फुगलं, बुडबुडे आले, दुसऱ्या दिवशी ठोकळ्याला भेगा. काय झालं?

राखेत धातुरूपात ॲल्युमिनियम आहे. फॉइल, पॅकिंगचे थर, डब्यांचे पातळ पत्रे यांतले बारीक कण धुराबरोबर जातात. अल्कली पाण्यात ते हायड्रोजन सोडतात. एक ग्रॅम ॲल्युमिनियममागे साधारण १.२ लिटर. समजा १०० किलो राखेत अर्धा टक्का असे ॲल्युमिनियम आहे, तर ६०० लिटर वायू. मिश्रण मऊ असताना तो निघाला तर फुगते, घट्ट होताना निघाला तर भेगा पडतात.

भेगांपेक्षा मोठी भीती वेगळी आहे. ओलसर राख जंबो बॅगमध्ये तोंड बांधून किंवा बंद कंटेनरमध्ये ठेवली तर हायड्रोजन साठतो, आणि हवेत ४ टक्के झाला की ठिणगी पुरते. ओल्या राखेच्या जागी वेल्डिंग नको, बॅगचे तोंड सैल ठेवा, शेडचे छत वरून हवा जाईल असे हवे. फुगण्यावर उपाय म्हणजे आधी ओली करून मुरवणे (प्रश्न ६) किंवा धुणे (प्रश्न १३). त्याच वेळी अमोनियाचा उग्र वास आला तर घाबरू नका. नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला भट्टीत युरिया किंवा अमोनिया फवारत असतील तर त्यातला राखेवर बसलेला भाग पाणी लागताच उडतो.

११. आमचं मिश्रण तीन दिवस झाले तरी ओलंच आहे. दुसऱ्या बॅचचं मात्र दहा मिनिटांत मिक्सरमध्ये दगड झालं!

दोन्ही तक्रारींचे मूळ राखेतच आहे. जस्त आणि शिसे सिमेंटच्या कणांवर पातळ थर धरतात आणि पाणी आत जाऊ देत नाहीत. न जळलेला कार्बन, चिलेट किंवा फॉस्फेटचा जास्त डोस यानेही असेच होते. तीन दिवसांत काही झाले नाही म्हणून आणखी सिमेंट ओतण्याआधी सात दिवसांपर्यंत वाट पाहा, अनेकदा उशिरा का होईना ते घट्ट होते. पुढच्या बॅचला सोडियम सिलिकेट २ ते ३ टक्के देऊन पाहा.

दहा मिनिटांत दगड होण्यामागे मोकळा चुना, कॅल्शियम क्लोराइड आणि निर्जल कॅल्शियम सल्फेट असते. मिश्रण हाताला गरम लागेल. ही राख आधी विझवून थंड होऊ द्या. पाणी वाढवून ती "ढिली" करण्याचा मोह टाळा.

१२. थोडी उडती राख तळराखेत मिसळून टाकली तर? एकत्र पास होते.

पास होते म्हणूनच मिसळू नये. विष कमी झाले नाही, आता फक्त दहापट माल दूषित झाला. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल शहरात बायकर इथल्या भट्टीची दोन्ही राख मिसळलेली सुमारे २,००० टन राख १९९४ ते १९९९ या काळात भाजीपाल्याच्या वाफ्यांमधल्या पायवाटांवर पसरली गेली. पुढे तपासणीत डायऑक्सिन आणि जड धातू सापडले आणि ती उकरून काढावी लागली. वेगळी ठेवलेली तळराख मात्र कामाची असते. लोखंड आणि ॲल्युमिनियम काढून, दोन-तीन महिने उघड्यावर मुरवून अनेक देशांत ती रस्त्याच्या थरात जाते. तिचे हॉपर, कन्व्हेयर आणि ढीग पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा.

१३. राख आधी धुवावी का? नुसता पाण्याचा खर्च वाटतो.

क्लोराइड १० टक्क्यांच्या पुढे असेल आणि तुम्हाला टिकाऊ ठोकळा हवा असेल तर धुवावी. न धुतलेल्या राखेचा ठोकळा पहिल्या पावसाळी हवेतच घामेजतो, वर पांढरा क्षार फुलतो आणि कडा भुगा होऊन पडतात. एका किलो राखेला एकूण ३ ते १० लिटर पाणी, दोन किंवा तीन टप्प्यांत. शेवटच्या टप्प्याचे पाणी पहिल्या टप्प्याला वापरले तर निम्मे पाणी वाचते. बहुतेक विद्राव्य क्लोराइड निघते, धातुरूपातले ॲल्युमिनियमही बरेच संपते.

दोन गोष्टी आधीच हिशेबात धरा. राखेचे वजन २० ते ३० टक्के घटते, म्हणजे उरलेल्या राखेत धातूंची टक्केवारी वाढते. अहवालात शिसे वाढलेले पाहून घाबरू नका. आणि धुतलेले पाणी हा नवा घातक कचरा आहे. पीएच १२ च्या त्या पाण्यात शिसे विरघळलेले असते. आम्ल किंवा कार्बन डायऑक्साइड देऊन पीएच ९-१० वर आणा, गाळ बसू द्या, वरचे खारे पाणी बाष्पीभवनाला. बाष्पीभवनाची सोय नसेल तर धुण्याची योजना कागदावरच राहू द्या. ते पाणी नाल्यात सोडण्यापेक्षा न धुतलेली राख बरी.

१४. टीसीएलपी पास झालं. मग आता माल सुरक्षित ना?

टीसीएलपी एका ठरावीक परिस्थितीची नक्कल करते: घरगुती कचऱ्याबरोबर गाडलेला माल आणि कुजण्यातून येणारे सेंद्रिय आम्ल. नमुना ९.५ मिलिमीटरखाली फोडतात, वजनाच्या २० पट ॲसिटिक आम्लाचे द्रावण घालतात आणि मिनिटाला ३० फेऱ्यांनी १८ तास फिरवतात. अल्कली मालासाठी द्रावणाचा पीएच २.८८ असतो. या द्रावणातले आम्ल ग्रॅमभर मालातली फक्त २ मिलिइक्विव्हॅलंट अल्कली मारू शकते. तुमच्या ठोकळ्यातली अल्कली बरोबर तेवढी असली की शेवटचा पीएच ९-१० वर थांबतो आणि शिसे अगदी कमी दिसते. तोच ठोकळा साध्या पावसाच्या पाण्यात १२ च्या वर राहतो आणि शिसे सोडतो.

म्हणूनच लँडफिलसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे निकष पाण्याच्या चाचणीवर आहेत: शिसे लिटरला २ मिलिग्रॅमपेक्षा कमी, कॅडमियम ०.२ पेक्षा कमी, पीएच ४ ते १२. सिमेंटचा डोस उगाच वाढवणाऱ्यांचा माल या शेवटच्या आकड्यावरच अडतो. दोन्ही चाचण्या करा.

१५. रिपोर्टमध्ये शिसं निम्मं झालं. म्हणजे सिमेंटने काम केलं, नाही का?

आधी भागाकार करा. १०० किलो राख, ३० किलो सिमेंट, ४५ लिटर पाणी मिळून १७५ किलो झाले. मूळ राखेच्या टीसीएलपीत शिसे १० मिलिग्रॅम असेल तर सिमेंटने काहीही न करता, फक्त भेसळीने, ते ५.७ वर येईल. निकाल ५.५ आला तर सिमेंटने जवळपास काहीच केले नाही. खारट आमटीत पाणी ओतल्याने मीठ कमी होत नाही, तसेच हे. निकाल ०.५ आला तर मात्र खरे स्थिरीकरण झाले.

१६. डायऑक्सिनचं काय? सिमेंटमध्ये ते अडकतात का?

ते पाण्यात मुळातच फारसे विरघळत नाहीत, त्यामुळे ठोकळ्यातून पाझरण्याचा धोका कमी. धोका धुळीचा असतो, आणि ओले करून घट्ट केल्याने तो बराच कमी होतो. पण सिमेंट त्यांना मोडत नाही. त्यांना मोडायचे तर उष्णता लागते: कमी ऑक्सिजनमध्ये ३०० ते ४०० अंश सेल्सिअस, किंवा राख वितळवणे. चीनच्या २००८ च्या मानकात प्रक्रिया केलेली राख घरगुती कचऱ्याच्या लँडफिलमध्ये टाकायला डायऑक्सिनची स्वतंत्र मर्यादा होती, किलोला ३ मायक्रोग्रॅम विषतुल्यांक (निरनिराळ्या डायऑक्सिनांचे विष एकाच मापात मोजून). शिशाची पाझर-मर्यादा तर लिटरला ०.२५ मिलिग्रॅम.

१७. शंभर किलो राखेचं शेवटी किती होतं? टीएसडीएफ टनावर पैसे घेतं.

वजन वाढते, जागा कमी लागते. सैल राखेची घनता साधारण ०.५ धरली तर १०० किलो म्हणजे २०० लिटर. प्रक्रियेनंतरचे १७५ किलो १.४ घनतेने १२५ लिटरमध्ये मावतात. लँडफिलचा खड्डा घनमीटरने भरतो आणि बिल टनाने येते, त्यामुळे प्रकल्पाला ही प्रक्रिया महाग आणि लँडफिलला सोयीची वाटते. करार करताना दर कच्च्या राखेच्या टनावर आहे की प्रक्रिया झालेल्या मालाच्या, हे लिहून घ्या.

१८. पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

राख हवेतले पाणी ओढते. जूनमध्ये उघड्या तोंडाची गोणी आठवडाभरात ढेकळे होते आणि मग ती मिक्सरमध्ये एकसारखी मिसळत नाही. मेअखेर साठा संपवा. क्युरिंग शेडच्या जमिनीला उतार आणि वेगळी गटार हवी, आणि ते पाणी लीचेटच्या, म्हणजे मालातून झिरपलेल्या दूषित पाण्याच्या, टाकीत. राखेच्या ओलाव्याची चाचणी पावसाळ्यात दर बॅचला करा आणि तेवढे पाणी मिश्रणातून वजा करा.

१९. कामगारांसाठी रुमाल पुरेसा आहे का?

नाही. एन९५ हा किमान, हॉपर रिकामे करताना पूर्ण चेहऱ्याचा मुखवटा. डोळ्यात गेलेली राख पाणी लागताच चुन्यासारखी भाजते. पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली डोळा धरायचा आणि मग दवाखाना. बुटात गेलेले ओले मिश्रण दुपारपर्यंत पाय सोलते, तोवर दुखतही नाही. कामाचे कपडे घरी न्यायचे नाहीत.

२०. रुग्णालयाच्या कचऱ्याच्या भट्टीची राखही अशीच सिमेंटमध्ये घालायची का?

तत्त्व तेच, पण माल थोडा आणि फार बदलता. सुया, काच, पीव्हीसीच्या नळ्या यांमुळे क्लोराइड आणि धातू दोन्ही दिवसागणिक वरखाली होतात. मर्यादेबाहेर असेल तर जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसारही टीएसडीएफच. केंद्राच्या आवारात खड्डा करून सिमेंट ओतणे ही विल्हेवाट नव्हे.

२१. सिमेंटचे ठोकळे पेव्हर ब्लॉक किंवा कंपाउंडच्या भिंतीला वापरता येतील?

नाही. पास झालेला माल लँडफिलमध्ये जायला पास झालेला असतो, घराच्या अंगणात नव्हे. पेव्हर झिजतो, फुटतो, शेवटी डेब्रिजमध्ये जातो, आणि तिथून तो कुठे गेला हे कुणी सांगू शकत नाही.

२२. बाहेरच्या देशांत सिमेंटच वापरतात का?

सगळीकडे नाही. स्वित्झर्लंडमध्ये धुराच्या स्क्रबरमधलेच आम्ल वापरून राख धुतात, आणि त्सुखविल इथे त्यातून शुद्ध जस्त काढतात. नॉर्वेच्या लांगॉया बेटावर चुनखडीच्या जुन्या खाणीत अल्कली राख आणि औद्योगिक टाकाऊ गंधकाम्ल एकत्र करून जिप्समचा गाळ बनवला गेला. जर्मनीत ती मिठाच्या खोल खाणींत जाते, जिथे पाणीच नाही. जपानमध्ये इचिहारा इथे २००१ पासून आणि तामा भागात २००६ पासून राखेपासूनच सिमेंट भाजले जाऊ लागले. तिथे क्लोराइड आणि जड धातू वाफ करून वेगळे पकडतात. आपल्याकडे राख ठेवण्याजोग्या अशा मिठाच्या खोल खाणी नाहीत, स्क्रबर बहुतेक कोरडे किंवा अर्धकोरडे, म्हणजे फुकटचे आम्लही नाही. सिमेंट त्यामुळे मागे उरते. ते सगळ्यात चांगले म्हणून नव्हे, हाताशी आहे म्हणून.

२३. आम्ही प्रकल्पाशेजारी राहतो. राखेचं नीट होतंय की नाही, कसं कळेल?

तीन कागद मागा: फॉर्म ४ चे वार्षिक विवरण, वर्षभरातली फॉर्म १० ची मॅनिफेस्ट, आणि बॅच क्रमांकासह चाचणी अहवाल. मग साधा हिशेब. दिवसाला ७०० टन कचरा जळत असेल तर उडती राख १४ ते ३५ टन निघायला हवी. टीएसडीएफला गेलेला आकडा दिवसाला २ टन असेल तर बाकीची कुठे गेली, हा प्रश्न लेखी विचारा.

२४. २८ दिवसांनंतर बॅच नापास झाली. फोडून पुन्हा सिमेंट घालायचं का?

आधी कोणता धातू आणि कोणत्या पीएचला, ते पाहा. शिसे नापास, पीएच १२ च्या वर: सिमेंट नको. १० मिलिमीटरखाली फोडून फॉस्फेटच्या द्रावणात भिजवा, किंवा ओलसर ठेवून पातळ थरात पसरा आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने पीएच उतरू द्या. या दुसऱ्या उपायात अँटिमनी वाढू शकते, तेव्हा तिची फेरचाचणी हवी. कॅडमियम किंवा जस्त नापास आणि पीएच ८ च्या खाली: अल्कली कमी पडली, चुना किंवा स्लॅग सिमेंट द्या. पारा नापास: सिमेंट त्याला नीट धरत नाही, सल्फाइडच हवे. फक्त क्षार नापास: धुण्याशिवाय इलाज नाही, आणि फोडलेला ठोकळा धुणे कच्ची राख धुण्यापेक्षा खूप अवघड.

फेरप्रक्रियेच्या बॅचला नवा क्रमांक द्या आणि जुना अहवाल फाइलमध्येच ठेवा. नापास मालाचा चुरा ताज्या बॅचमध्ये थोडा थोडा "संपवणे" म्हणजे प्रश्न १५ मधलीच भेसळ.